चौथं रहस्य कोणासाठी?

आमच्या घरात संध्याकाळी दोनदा बातम्या लागत. एकदा रेडिओवर आणि मग आजीच्या रोझरीत. रेडिओवर देशाचं कळायचं, रोझरीत आळीचं. कोणाची म्हैस आटली, कोणाचा पोरगा दहावीला अडकला, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत पण अजून बाहेर बोलायचं नाही, सगळं तिथे कळायचं.

ज्यांच्या घरी रोझरी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही मरियामातेची जपमाळ. तिचे पाच भाग. प्रत्येक भागात एकदा 'आमच्या बापा', दहा वेळा 'नमो मरिया', आणि ते म्हणताना येशूच्या नाहीतर मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात धरायचा. त्या प्रसंगाला 'रहस्य' म्हणतात. आनंदाची पाच, दुःखाची पाच, गौरवाची पाच, वारांप्रमाणे वाटून दिलेली. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच त्यात घातली, पण ती आजीच्या पश्चात. शब्दच 'रहस्य', त्यामुळे लहानपणी मला खरंच वाटायचं की आजीला पाच गुपितं ठाऊक आहेत आणि ती रोज थोडी थोडी फोडते. ते अगदीच खोटं नव्हतं. कारण प्रत्येक रहस्याआधी ती डोळे मिटून सांगायची, हे कोणासाठी.

तिचा एक नियम होता. नाव घ्यायचं. 'गावातल्या आजाऱ्यांसाठी' असं मोघम चालत नसे. "गावात आजारी वीस आहेत. देवाने कोणाकडे जायचं?" असं ती विचारायची. मग आम्ही पोरं नावं गोळा करायला लागलो. शाळेतून येताना कोणाच्या ओटीवर डॉक्टरची पिशवी दिसली की ते नाव संध्याकाळी आजीला द्यायचं. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय हे बघायची सवय मला तिथे लागली. तिला चौकसपणा म्हणा नाहीतर शेजारधर्म म्हणा, आमच्या आळीत दोन्हींत फार फरक कोणी करत नाही.

ऑक्टोबर हा रोझरीचा महिना, आणि आमच्याकडे सुकेळ्यांच्या, म्हणजे उन्हात सुकवलेल्या केळ्यांच्या, हंगामाची सुरुवातही तेव्हाच. वसईच्या उत्तरेला, आगाशीच्या बाजूला, केळीच्या वाड्या होत्या तोवर हे काम घराघरांत चालायचं. राजेळीचा घड पेंढ्यात घालून पिकवायचा. मग साल काढून केळी कारवीच्या काड्यांच्या तट्ट्यावर ओळीने मांडायची. सहा-सात उन्हं द्यायची, रोज एकेक केळं पालटायचं, आणि ऊन कललं की दव लागायच्या आत सगळं गोळा करून घरात आणायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी केळ्याला मधाचा रंग चढतो आणि अंगणभर असा वास पसरतो की शेजारची पोरं बोलावल्याशिवाय येतात. शेवटी केळीच्या वाळक्या सोपटात घट्ट बांधायची. हे सगळं बायकांचं काम. आमच्याकडे आजी, आई, आणि माहेरी आली असली की आत्या.

सुकेळी आत येईपर्यंत देवळाची संध्याकाळची घंटा व्हायची. (आजी चर्चला देऊळच म्हणायची.) आजी हात धुवायची, पण तो चिकटा धुऊन जाणारा नव्हे. त्या हातांनी ती खुंटीवरची रोझरी काढायची. त्यामुळे आमच्या घरी देवाच्या माळेला मुंग्या लागत. खोटं सांगत नाही. लाकडी मण्यांतून लाल मुंग्यांची ओळ मी पाहिलेली आहे, आणि आजी 'नमो मरिया' न थांबवता त्यांना फुंकरीने उडवताना पाहिलेली आहे. शनिवारी आई ती माळ रिठ्याच्या पाण्यात घालायची. रविवारी मिस्साला, म्हणजे देवळातल्या उपासनेला जाताना तिला रिठ्याचा वास यायचा, सोमवारपासून पुन्हा केळ्याचा.

आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्या वयाच्या पन्नाशीपर्यंत देवळातली मिस्सा लॅटिनमध्ये होती. फादर वेदीकडे तोंड करून बोलणार, ते लॅटिन, आणि मागे लाल चौकडीच्या लुगड्यांतल्या बायका गुडघ्यांवर. १९६२ ते ६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि त्यानंतर मिस्सा लोकांच्या भाषेत होऊ लागली. तोवर आजीला लॅटिनमधलं एवढंच येत होतं, 'ओरा प्रो नोबिस', आमच्यासाठी विनंती कर. तेही ती एका दमात 'ओराप्रोनोबी' असं म्हणायची, जणू एखाद्या भाजीचं नाव. मग तिला ख्रिस्त कळला कुठे? तिच्या आईकडून, चुलीपुढे, कादोडी बोलीत. देवळात धर्म परक्या भाषेत होता आणि घरात तो आमच्या भाषेत. त्या दोन जागांमध्ये ये-जा करणारी, इकडचं तिकडे पोचवणारी माणसं म्हणजे बायका. कुठल्या बिशपने हे काम त्यांना नेमून दिलं नव्हतं. पोर झोपवताना काहीतरी म्हणायचंच असतं, तर मरियेचं म्हणावं, इतकं साधं होतं ते.

(आजीचं बोलणं मी इथे प्रमाण मराठीत आणून लिहितेय. तिला वाचून दाखवलं असतं तर म्हणाली असती, ही कोणाची आजी?)

खाली रायगडात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. १७४० साली कोर्लईचा किल्ला मराठ्यांकडे गेला, पोर्तुगीज गेले, पण किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून घडलेली एक बोली आजही बोलली जाते. तिला ती माणसं 'नौ लिंग' म्हणतात, आपली भाषा. मी तिथे एका लग्नाला गेले होते. एक म्हातारी परसात नातवाला झोडत होती. एक शब्द कळला नाही, पण सूर शंभर टक्के माझ्या आजीचा. पावणेतीनशे वर्षं एक भाषा त्या इवल्याशा गावात टिकून राहते, तेव्हा ती अशा परसांतूनच टिकत असणार.

वसईचं नाव घेतलं की धर्मशिक्षणाच्या वर्गात पहिला धडा संत गोन्सालो गार्सियाचा. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, त्यानंतर वीसेक वर्षांनी तो इथे जन्मला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. फ्रान्सिस्कन संघाचा व्रतस्थ झाला, जपानला गेला, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर चढवलं त्यांतला एक. १८६२ साली तो संत जाहीर झाला, भारतात जन्मलेला पहिला संत. त्याच्या नावाचं आमच्याकडे कॉलेज आहे. मी आठ-नऊ वर्षांची असताना वर्गात विचारलं, त्याच्या आईचं नाव काय? शिकवणाऱ्या बाईंनी 'चांगला प्रश्न आहे' असं म्हटलं आणि पुढचा धडा काढला. घरी येऊन आजीला सांगितलं. आजी बराच वेळ गप्प. त्या वर्षीच्या ५ फेब्रुवारीला तिने दुसरं रहस्य 'गोन्सालोच्या आईसाठी' म्हटलं. म्हणताना तिचा चेहरा असा, की कोणीतरी भाजीचे पैसे बुडवलेत. बिननावाचं रहस्य तिने दिलेलं मला तेवढं एकच आठवतं.

आता चौथ्याकडे येते.

चौथं रहस्य माझ्या आठवणीत अकरा वर्षं एकाच माणसाकडे होतं. धाकटे आजोबा, म्हणजे आजीचे दीर. वाडीच्या वाटण्या झाल्या तेव्हा विहीर आणि तिच्यावरचा रहाट बांधाच्या नेमका मध्ये आला. तालुक्याच्या कोर्टात दावा लागला. दोन घरांचं बोलणं बंद, लग्नाकार्याला जाणं बंद, पोरांनी एकमेकांच्या अंगणात पडलेला चेंडूसुद्धा मागायचा नाही. आणि रोज संध्याकाळी, "हे चौथं भाऊजींसाठी. देवा, त्यांना सुबुद्धी दे."

मी एकदा विचारलं, तू त्यांच्याशी बोलत तर नाहीस.

"देवाशी बोलते ना त्यांच्याबद्दल," आजी म्हणाली.

मोठी झाल्यावर मला यातली गंमत कळली. 'सुबुद्धी दे' ही प्रार्थना आहे आणि शिवीही आहे. आजीची भक्ती काही शुद्ध तुपातली नव्हती. पण एक गोष्ट खरी. अकरा वर्षं रोज त्या माणसाचं नाव आमच्या घरात प्रेमाने नसेल, पण देवासमोर घेतलं गेलं. मोडलेल्या नात्याचं नावच घरातून जातं, मग पुढच्या पिढीला तो माणूस ठाऊकच नसतो. आमच्याकडे तसं झालं नाही. एका नाताळला आजीने माझ्या हाती सुकेळ्यांचं बांधलेलं सोपट आणि पितळेच्या डब्यात करंज्या देऊन मला बांधापलीकडे पाठवलं. भांडं रिकामं परत करायचं नसतं हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. धाकट्या आजोबांनी ते रिकामं परत केलं. आजीने झाकण उघडून बघितलं, पुन्हा लावलं. त्या संध्याकाळी चौथं रहस्य जरा जोरात म्हटलं गेलं.

समेट वगैरे काही झाला नाही. निकाल लागला, विहीर सामाईक ठरली, तोवर घरोघर पंप आले होते आणि रहाटाला कोणी विचारत नव्हतं. १९९६ साली आजी गेली. सात दिवस घरी प्रार्थना. चौथ्या दिवशी धाकटे आजोबा आले, काठी टेकत. घरात वयाने मोठे तेच, म्हणून रोझरी त्यांना सांगायला दिली. तीन रहस्यं झाली. चौथ्याला थांबले, खाकरले, आणि म्हणाले, "हे वहिनीसाठी." चौथं आमच्या घरी कोणाचं असतं हे त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. आई माझ्याकडे बघत होती. मी जमिनीकडे.

इथेच थांबले तर हा लेख गोड होईल, आणि आजीचं खोटं चित्र तयार होईल. कारण आत्याची गोष्ट राहते.

आत्याचा नवरा प्यायचा आणि मारायचा. दोनदा ती पोराला घेऊन माहेरी आली. दोन्ही वेळा आजीने तिला चार दिवस ठेवून घेतलं, डोक्याला तेल लावलं, आणि परत धाडलं. "ज्याचा त्याचा क्रूस असतो," असं म्हणाली. हे वाक्य आजीचं एकटीचं नव्हतं. ऑगस्टच्या शेवटी, २७ तारखेला, संत मोनिकेचा सण येतो. चौथ्या शतकातली आफ्रिकेतली ही बाई, संत ऑगस्टीनची आई. तिचा नवरा पात्रिसियस तापट. तिने तोंड मिटून सोसलं, प्रार्थना केली, शेवटी त्याचाही बाप्तिस्मा झाला आणि वाया गेलेला मुलगाही परत आला. मुलाने लिहून ठेवलंय की नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या शेजारणींनाही ती जीभ आवरायलाच सांगायची. हा प्रवचनाचा ठरलेला विषय. पुरुष बाकांवर शांतपणे ऐकायचे, त्यांना त्यात काही करायचं नसायचं. किती बायका त्या प्रवचनांनंतर मुकाट्याने घरी गेल्या असतील याचा हिशेब कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही. श्रद्धेने बायकांना बळ दिलं हे मी रोज पाहिलंय. त्याच श्रद्धेचा बोळा करून त्यांच्या तोंडात कोंबला गेला हेही पाहिलंय, आणि कोंबणाऱ्या हातांत बायकांचेही हात होते.

१९८४ साली, उपवासकाळात, शुक्रवारी संध्याकाळी आत्या तिसऱ्यांदा आली. कोणी काही विचारलं नाही. रोझरीची वेळ झालीच होती. सगळे बसलो. पित्याच्या, पुत्राच्या म्हणताना सगळ्यांचे उजवे हात कपाळाला गेले. आत्याचा डावा. उजवा तिने पदराखाली मांडीवर धरला होता. मनगट सुजून बांगडी मांसात रुतली होती. आजीने बघितलं. पुढचं म्हणत राहिली.

शुक्रवार, म्हणजे दुःखाची रहस्यं. त्यांतलं चौथं, येशू क्रूस वाहतो. आजी तिथे थांबली. चौथं भाऊजींचं, त्यामुळे आम्ही ते वाक्य ऐकायच्या तयारीत होतो. ते आलं नाही. इतका वेळ काही आलं नाही की माझ्या धाकट्या भावाला वाटलं आजीला झोप लागली, त्याने तिला ढोसलं.

"हे माझ्यासाठी," आजी म्हणाली. "हिला दोनदा मी परत धाडलं."

बस. पुढे दहा नमो मरिया. बांगडी त्या रात्री सुताराकडच्या कानशीने कापावी लागली. रविवारची मिस्सा झाल्यावर आजी आणि आळीतल्या दोघी जणी एसटीने आत्याच्या सासरी गेल्या आणि तिची पेटी घेऊन आल्या. तिथे काय बोलणं झालं ते तिघींपैकी एकीनेही कधी सांगितलं नाही. आत्या मग आमच्याकडेच राहिली, शिवणकाम करून तिने पोरगा शिकवला. देवळात काही बायका तिच्या बाकावर बसायच्या नाहीत. आजी मुद्दाम बसायची, आणि जागा असली तरी तिला खेटून.

मनगट बरं होईपर्यंत आत्याने वाचनालयातून लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र आणून वाचलं. आम्ही कॅथलिक, टिळक प्रॉटेस्टंट. आजीला ते थोडं संशयास्पद वाटलं होतं. लक्ष्मीबाईंचे पती ना. वा. टिळक मूळचे कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, बायकोला न सांगता. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. आत्या पुस्तक मिटून म्हणाली, "पाच वर्षं थांबली ही. नवरा गेला म्हणून मागोमाग गेली नाही. पटलं तेव्हा गेली." मी तेव्हा बारा वर्षांची होते. ख्रिस्ती बाईबद्दल 'पटलं तेव्हा' हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. तोवर आमच्या कानांवर 'सोसलं', 'वाहिलं', 'अर्पण केलं' हेच शब्द होते.

आईची श्रद्धा वेगळ्या कापडाची. ती मुंबईच्या हॉस्पिटलात नर्स. पहाटेच्या गाडीला माळ हातात धरायला जागा कुठे, एक हात वरच्या कडीला, एक डब्याच्या पिशवीला. ती बोटांच्या पेरांवर मोजायची. वसई रोड सुटलं की पहिलं रहस्य, भाईंदरची खाडी आली की दुसरं, बोरिवलीपर्यंत पाच पुरी. पुरुषांच्या डब्यात टाळ वाजवून भजनं चालायची. बायकांच्या डब्यात ओठ हलायचे, एवढंच. तिची रहस्यं वॉर्डातल्या पेशंटसाठी असायची, पण नाव घ्यायची मुभा नसल्यासारखी ती खाटेचा नंबर घ्यायची. "अकरा नंबरसाठी." आजीला हे बिलकूल मान्य नव्हतं. "देव काय कंपाउंडर आहे?" असं म्हणायची. आई हसायची, आणि दुसऱ्या दिवशी अकरा नंबरचं नाव विचारून यायची.

२०२१ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी चर्चचा कायदा बदलला आणि मिस्सात वाचन करण्याची व वेदीवर सेवा देण्याची रीतसर नेमणूक बायकांनाही मिळू शकेल असं केलं. मी ही बातमी आईला वाचून दाखवली. तिने चष्मा पुसला. "वाचन तर मी तीस वर्षं करतेय," म्हणाली, "आता काय, कागद देणार?"

आई आता ब्याऐंशीची. वाडीच्या जागी सोसायटी आहे, पण रोझरी साडेसातलाच. फरक इतकाच की ती फोनवर असते. भाऊ कुवेतमधून, त्याची बायको आणि लेक पुण्यातून, आत्या तिच्या मुलाकडून नालासोपाऱ्याहून, मी शेजारच्या खोलीतून कारण आईला फोन नीट टेकवता येत नाही. सगळे एकदम म्हणायला गेले की आवाज मागेपुढे होतात आणि 'नमो मरिया'चा काला होतो, म्हणून बाकीच्यांनी माइक बंद ठेवायचे असं ठरलंय. कुवेतचं चित्र मध्येच गोठतं. आत्याचा कॅमेरा कायम छताच्या पंख्यावर. आई डोळे मिटून असते, तिला यातलं काही दिसत नाही.

परवा गुरुवार होता, म्हणजे नवी रहस्यं, प्रकाशाची. पहिलं भावाच्या नव्या नोकरीसाठी, दुसरं सोसायटीच्या वॉचमनच्या मुलीसाठी, तिसरं आत्याच्या गुडघ्यांसाठी. चौथ्याला आई रोज पोरांची पाळी लावते.

"आता चौथं. कोणासाठी?"

पुण्याहून माइक सुरू झाल्याचा आवाज आला. भाची तिसरीत आहे. "उद्या गणिताचा पेपर आहे," ती म्हणाली. "तो काढणाऱ्या टीचरसाठी. त्यांना सुबुद्धी दे."

पंख्याच्या चित्रातून आत्याचा हसण्याचा आवाज आला. आईने डोळे उघडले नाहीत.

"नाव काय त्यांचं?"

"माहीत नाही. आम्ही टीचरच म्हणतो."

"उद्या विचारून ये," आई म्हणाली, आणि 'आमच्या बापा' सुरू केलं.